शिंपल्यांतील विषाणूंची तपासणी : जिवाणू चाचणी एकटी पुरेशी का नाही?

कालवे, तिसऱ्या, खुबे आणि शिनाणे हे कोकण व गोव्याच्या खाड्यांतून मिळणारे पौष्टिक अन्न आहे. बांबूचे तराफे, दोर आणि रॅक वापरून कालवे व शिनाण्यांचे संवर्धन करणारे बचत गट किनारपट्टीवर उभे राहिले आहेत. या प्राण्यांना विकतचे खाद्य लागत नाही. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून ते वाढतात, त्यामुळे संवर्धनाचा खर्च कमी येतो. मात्र पाणी गाळण्याच्या याच सवयीमुळे सांडपाण्यातील रोगकारक विषाणूही त्यांच्या शरीरात साठतात.

शिंपले सुरक्षित आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी बहुतेक ठिकाणी ई. कोलाय या जिवाणूची चाचणी केली जाते. ही चाचणी आवश्यक आहे, परंतु त्यात उत्तीर्ण झालेल्या मालातही विषाणू असू शकतात. असे का होते, विषाणूंची तपासणी कशी केली जाते आणि उत्पादक, विक्रेते व ग्राहक यांनी कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

शिंपल्यांत विषाणू येतात कुठून?

हे विषाणू मूळचे माणसाचे आहेत. आजारी व्यक्तीच्या विष्ठेतून ते बाहेर पडतात आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी, गळके शौचखड्डे, बोटींवरील शौचविधी किंवा उघड्यावरील शौच यांमार्फत खाडीत पोहोचतात. शिंपला कल्ल्यांमधून पाणी खेचतो आणि त्यातील कण पचनसंस्थेकडे नेतो. एक प्रौढ कालव अनुकूल परिस्थितीत तासाला काही लिटर पाणी गाळते. त्यामुळे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त विषाणू शिंपल्यात जमा होतात.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• हे विषाणू शिंपल्यात वाढत नाहीत, फक्त साठतात.
• शिंपला आजारी पडत नाही. त्याचा रंग, वास, चव किंवा कवच बंद करण्याची ताकद यांत काहीही फरक पडत नाही. ‘ताजा दिसतो म्हणून सुरक्षित’ हा नियम येथे लागू होत नाही.
• कोळंबीतील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हा कोळंबीचा आजार असून तो माणसाला होत नाही. शिंपल्यांतील नोरोव्हायरस व कावीळ ‘अ’ चा विषाणू याच्या उलट आहेत. त्यांचा त्रास शिंपल्याला नव्हे, तर खाणाऱ्याला होतो.

महत्त्वाचे दोन विषाणू

१) नोरोव्हायरस : अमेरिकेतील ओहायो राज्यातील नॉरवॉक येथे १९६८ मध्ये झालेल्या साथीवरून या विषाणूचे नाव पडले. संसर्गानंतर साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते व त्रास एक ते तीन दिवस राहतो. निरोगी माणूस बहुधा लवकर बरा होतो, परंतु लहान मुले, वृद्ध आणि आधीच आजारी असलेल्या व्यक्तींमध्ये शरीरातील पाणी धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकते. रुग्णाच्या विष्ठेतून अब्जावधी विषाणू बाहेर पडतात, तर संसर्गासाठी अगदी थोडे कण पुरतात. म्हणूनच थोडेसे सांडपाणीही मोठे नुकसान करते.

२) कावीळ ‘अ’ (हिपॅटायटिस ए) : संसर्गानंतर १५ ते ५० दिवसांनी, सरासरी चार आठवड्यांनी लक्षणे दिसतात. लहान वयात आजार सौम्य असतो, प्रौढांमध्ये तो तीव्र होऊ शकतो. इतक्या दिवसांनी रुग्णाला आपण काय खाल्ले होते हे आठवत नाही, त्यामुळे दूषित मालाचा माग काढणे कठीण जाते. या आजारावर लस उपलब्ध आहे.

चीनमधील शांघाय शहरात १९८८ च्या सुरुवातीला कावीळ ‘अ’ ची साथ आली. सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातून काढलेले शिंपले कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्यामुळे ही साथ पसरली होती. शिंपल्यांमुळे पसरलेल्या साथींमध्ये ही सर्वांत मोठी मानली जाते.

जिवाणू चाचणी काय सांगते?

ई. कोलाय हा माणूस व इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहणारा जिवाणू आहे. तो शिंपल्यात सापडला म्हणजे तेथे विष्ठेचे प्रदूषण पोहोचले, असा अर्थ होतो. चाचणी स्वस्त व सोपी असल्याने जगभर ती वापरली जाते. युरोपीय संघात याच चाचणीवर शिंपल्यांच्या उत्पादन क्षेत्रांचे वर्ग ठरतात. खालील आकडे १०० ग्रॅम मांस व कवचातील पाणी यांमधील ई. कोलायच्या संख्येचे आहेत.

• वर्ग अ : ८० टक्के नमुन्यांत २३० पर्यंत आणि उरलेल्यांपैकी एकातही ७०० पेक्षा जास्त नाही. माल थेट विक्रीस योग्य.
• वर्ग ब : ९० टक्के नमुन्यांत ४,६०० पर्यंत आणि उरलेल्यांत ४६,००० पेक्षा जास्त नाही. विक्रीपूर्वी टाकीत शुद्धीकरण, स्वच्छ पाण्यात स्थलांतर किंवा ठरवून दिलेली उष्णता प्रक्रिया आवश्यक.
• वर्ग क : ४६,००० पर्यंत. किमान दोन महिने स्वच्छ पाण्यात ठेवणे किंवा उष्णता प्रक्रिया आवश्यक.

अमेरिकेत शिंपल्यांऐवजी प्रामुख्याने पाण्याच्या तपासणीवर भर असतो. तेथील राष्ट्रीय शिंपले स्वच्छता कार्यक्रम १९२५ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या हिवाळ्यात दूषित कालवांमुळे विषमज्वराची मोठी साथ आली होती. विषमज्वर हा जिवाणूजन्य आजार असल्याने जिवाणूंवर आधारित नियंत्रण त्यावर प्रभावी ठरले. विषाणूंच्या बाबतीत मात्र त्याची मर्यादा पुढे दिसून आली.

वॉलिस लेकची घटना

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात वॉलिस लेक हे कालव उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये तेथे जोरदार पाऊस झाला आणि परिसरातील सांडपाणी वाहून पाण्यात आले. त्यानंतर काढलेली कालवे राज्याच्या नियमानुसार ३६ तास शुद्धीकरणाच्या टाकीत ठेवूनच बाजारात पाठवण्यात आली. तरीही १९९७ च्या सुरुवातीला ती खाणाऱ्या चारशेहून अधिक लोकांना कावीळ ‘अ’ झाली आणि एका व्यक्तीचा मृत्यू झाला. भरपाईचा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल २००२ मध्ये लागला.

या घटनेत शुद्धीकरणाचा नियम पाळला गेला होता. पण तो नियम जिवाणूंच्या हिशेबाने बनवलेला होता. प्रदूषण करणारे सांडपाणी वस्तीतून आले, फटका मात्र खाणाऱ्यांना आणि संपूर्ण भागातील कालव उत्पादकांना बसला.

टाकीतील शुद्धीकरणाने विषाणू का जात नाहीत?

शुद्धीकरणात जिवंत शिंपले अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेल्या वाहत्या समुद्री पाण्यात साधारण २४ ते ४८ तास ठेवले जातात. शिंपले स्वच्छ पाणी गाळतात आणि पोटातील घाण बाहेर टाकतात. ई. कोलायसारखे जिवाणू व वाळू या काळात बऱ्यापैकी निघून जातात. विषाणूंचे वागणे वेगळे असते.

• जिवाणूंच्या तुलनेत विषाणू अतिशय लहान असतात. नोरोव्हायरसचा आकार साधारण ३० ते ४० नॅनोमीटर आहे. ई. कोलायची लांबी त्याच्या पन्नासपट असते.
• नोरोव्हायरस कालवाच्या पचनग्रंथीतील विशिष्ट शर्करायुक्त रेणूंना चिकटतो. माणसाच्या आतड्यातही तो अशाच रेणूंना चिकटतो. फ्रान्सच्या इफ्रेमेर या सागरी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे दाखवून दिले.
• दोन्ही विषाणूंना बाहेरील चरबीचे आवरण नसते. त्यामुळे ते थंड पाण्यात, आम्लात आणि गोठवलेल्या स्थितीतही दीर्घकाळ टिकतात.

परिणामी, ई. कोलाय एक-दोन दिवसांत निघून जातो आणि विषाणू कित्येक आठवडे राहतो. टाकीतून काढलेल्या मालाची जिवाणू चाचणी त्या वेळी चांगली येते. युरोपात २०१६ ते २०१८ या काळात कालवांची मोठी पाहणी झाली. उत्पादन क्षेत्रांतील सुमारे ३४.५ टक्के नमुन्यांत आणि विक्रीसाठी पाठवणाऱ्या केंद्रांतील सुमारे १०.८ टक्के खेपांत नोरोव्हायरसचा अंश आढळला. या केंद्रांतील माल नियमानुसार बाजारात जाण्यास तयार होता.

विषाणूंची तपासणी कशी केली जाते?

जिवाणूंप्रमाणे हे विषाणू प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमावर वाढवता येत नाहीत. म्हणून विषाणूचा आनुवंशिक पदार्थ म्हणजे आरएनए शोधला जातो. यासाठी आयएसओ १५२१६ ही आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. तिचा पहिला भाग (२०१७) विषाणूंची संख्या मोजण्यासाठी, तर दुसरा भाग (२०१९) विषाणू आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी आहे. कामाचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. किमान दहा शिंपले उघडून त्यांच्या पचनग्रंथी वेगळ्या काढतात. बहुतेक विषाणू तेथेच असतात, त्यामुळे संपूर्ण मांस घेण्याची गरज नसते.
२. ग्रंथी बारीक चिरून एकत्र करतात व त्यातील २ ग्रॅम भाग तपासणीस घेतात.
३. त्यात मेंगोव्हायरस हा माणसाला रोग न करणारा विषाणू ठरावीक प्रमाणात मिसळतात. शेवटी तो किती परत मिळाला, यावरून प्रक्रिया नीट झाली की नाही हे कळते.
४. प्रोटीनेज के हे विकर घालून मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला एक तास हलवत ठेवतात व नंतर ६० अंशांना १५ मिनिटे तापवतात. यामुळे ऊती विरघळून विषाणू मोकळे होतात.
५. मिश्रण जोराने फिरवून वरचा द्रव वेगळा करतात आणि त्यातून आरएनए शुद्ध करून घेतात.
६. रिअल टाइम आरटी-पीसीआर यंत्रावर नोरोव्हायरसचे पहिले व दुसरे जनुकीय गट (जीआय व जीआयआय) आणि कावीळ ‘अ’ चा विषाणू स्वतंत्रपणे शोधतात. कोविडच्या साथीत नाकातील नमुन्यांसाठी वापरलेले तंत्र हेच होते.

अहवाल कसा वाचावा?

• ‘आढळला नाही’ : याचा अर्थ तपासलेल्या २ ग्रॅम भागात पद्धतीला दिसेल एवढा विषाणू नव्हता. संपूर्ण तराफा किंवा खाडी विषाणूमुक्त असल्याचे ते प्रमाणपत्र नाही.
• ‘आढळला’ : विषाणूचा आरएनए सापडला. पीसीआर जिवंत व निष्क्रिय विषाणूंत फरक करू शकत नाही. तरीही हे ठिकाण मानवी विष्ठेने दूषित झाले होते, हे त्यातून निश्चित कळते. कच्चा माल विकू नये.
• ‘प्रति ग्रॅम प्रती’ : पचनग्रंथीच्या एका ग्रॅममध्ये मोजलेल्या आरएनए प्रतींची संख्या. हा आकडा जास्त असेल, तर आजाराची शक्यताही जास्त. एकाच जागेचे वेगवेगळ्या महिन्यांतील आकडे शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते.
• प्रक्रियेची कार्यक्षमता : मिसळलेल्या मेंगोव्हायरसपैकी किमान १ टक्का परत मिळायला हवा. तो त्याहून कमी असेल, तर ‘आढळला नाही’ या निकालावर विसंबू नये, चाचणी पुन्हा करून घ्यावी.

युरोपीय संघानेही कालवांतील नोरोव्हायरससाठी कायदेशीर आकडा ठरवलेला नाही. त्यामुळे ही चाचणी प्रामुख्याने जागेची निवड, प्रदूषणाच्या घटनेनंतरचा निर्णय आणि साथीचा तपास यासाठी वापरली जाते. याला पूरक म्हणून ई. कोलायला लागण करणाऱ्या विशिष्ट जिवाणूभक्षी विषाणूंचीही मोजणी करतात. ते आकाराने व टिकाऊपणाने नोरोव्हायरसशी मिळतेजुळते असतात आणि त्यांची चाचणी तुलनेने स्वस्त असते. अमेरिकेत सांडपाणी शिरल्यामुळे बंद केलेले क्षेत्र साधारण २१ दिवस बंद राहते. त्याआधी ते उघडायचे असल्यास किमान सात दिवस जाऊ देऊन शिंपल्यांतील या विषाणूंची संख्या १०० ग्रॅममध्ये ५० पेक्षा जास्त नसल्याचे दाखवावे लागते.

तपासणी कधी करावी?

प्रत्येक खेपेची विषाणू चाचणी करणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. पुढील वेळी मात्र ती करून घ्यावी.

• नवीन तराफा किंवा रॅक लावण्यासाठी जागा निवडताना.
• जवळच्या वस्तीत जुलाब-उलट्या किंवा काविळीची साथ असताना.
• सांडपाण्याची वाहिनी फुटल्यास, प्रक्रिया केंद्र बंद पडल्यास किंवा मोठ्या पावसाने नाले खाडीत उलटल्यास.
• कच्ची कालवे वाढणाऱ्या हॉटेलांना किंवा निर्यातदारांना माल देण्यापूर्वी.

फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातील कालवांची विक्री २७ डिसेंबर २०२३ रोजी थांबवण्यात आली. नाताळ व नववर्षाचा काळ हा तेथील सर्वांत मोठा हंगाम असतो. जोरदार पावसामुळे सांडपाण्याच्या वाहिन्या भरून वाहिल्या आणि कालवांत नोरोव्हायरस आढळला. बंदी १९ जानेवारी २०२४ रोजी उठली. उत्पादकांनी संवर्धनात काहीही कसूर केली नसतानाही हंगाम हातचा गेला. त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न ग्रामपंचायत, नगरपालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गटाने मिळून मांडणे, हा संवर्धनाचाच भाग समजावा.

नमुना घेताना घ्यावयाची काळजी

• तराफ्याच्या किंवा खाजणाच्या वेगवेगळ्या भागांतून, सांडपाणी जिथून येते त्या बाजूनेही शिंपले घ्यावेत.
• कालवे व शिनाणे साधारण १५ ते २० घ्यावीत. तिसऱ्या लहान असल्याने त्याहून जास्त घ्याव्यात, म्हणजे २ ग्रॅम पचनग्रंथी मिळेल.
• शिंपले जिवंत व कवच घट्ट मिटलेले असावेत. चिखल जागेवरच्या खाडीच्या पाण्याने धुवावा. नळाच्या पाण्यात भिजत ठेवू नयेत.
• स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत भरून थंड पेटीत ठेवावेत. बर्फाचा शिंपल्यांना थेट स्पर्श होऊ देऊ नये.
• पिशवीवर ठिकाण, तारीख, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, पाण्याची क्षारता व मागील काही दिवसांतील पाऊस यांची नोंद करावी.
• नमुना शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. पाठवण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या एनएबीएल मान्यतेत आयएसओ १५२१६ ही चाचणी समाविष्ट आहे का, हे विचारून घ्यावे.

उत्पादक व विक्रेत्यांसाठी सूचना

• वस्ती, नाल्याचे मुख, बंदर व बोटी नांगरण्याची जागा यांपासून दूरचे ठिकाण निवडावे. जागा ठरवण्यापूर्वी पावसाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोन्ही वेळी पाहणी करावी.
• तराफ्यावर काम करताना खाडीत शौच करू नये. जुलाब-उलट्यांचा त्रास असणाऱ्या व्यक्तीने बरे वाटल्यानंतरही किमान दोन दिवस माल हाताळू नये.
• सांडपाणी शिरल्याचे कळताच काढणी थांबवावी. शिंपले काही आठवडे पाण्यात राहिले तरी खराब होत नाहीत. घाईने काढलेला दूषित माल मात्र संपूर्ण परिसराचे नाव खराब करतो.
• शुद्धीकरणाची टाकी अवश्य वापरावी, कारण तिने जिवाणू व वाळू कमी होते. पण ‘विषाणूमुक्त’ असे सांगून माल विकू नये.
• प्रत्येक खेपेची काढणीची जागा, तारीख व खरेदीदार यांची नोंद ठेवावी. तक्रार आल्यास तेवढीच खेप परत घेता येते.
• विषाणू चाचणीतून जड धातू, शैवालाचे विष किंवा व्हिब्रिओ जिवाणूंबद्दल काहीही कळत नाही. त्यांच्या तपासण्या स्वतंत्रपणे कराव्या लागतात.

ग्राहकांसाठी सूचना

आपल्याकडे शिंपले बहुधा शिजवून खाल्ले जातात, हे मोठे संरक्षण आहे. पण शिजवण्यात कसर राहिली तर ते संरक्षण कमी पडते.

• विषाणू निष्क्रिय होण्यासाठी मांसाच्या आतील भागाचे तापमान ९० अंश सेल्सिअसला किमान ९० सेकंद राहावे लागते.
• कवच उघडले म्हणजे शिंपला शिजला असे नाही. कवच त्याहून कमी तापमानालाच उघडते. ती उघडल्यानंतरही तिसऱ्या, शिनाणे आणखी तीन ते पाच मिनिटे उकळावेत.
• तिसऱ्या उघडाव्यात म्हणून त्या फ्रीझरमध्ये ठेवण्याची पद्धत सोयीची आहे, मात्र गोठवल्याने विषाणू मरत नाहीत.
• लिंबू, व्हिनेगर, कोकम, तिखट किंवा मद्य यांनीही विषाणू नष्ट होत नाहीत.
• एकशिपीसाठी तिसऱ्या कच्च्याच उघडल्या जातात. अशा वेळी विळी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबीर किंवा फळे चिरू नयेत. सुटलेले पाणी रश्श्यात घालायचे असल्यास ते गाळून पूर्ण उकळू द्यावे.
• गर्भवती स्त्रिया, वृद्ध, यकृताचा आजार असलेल्या व रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी कच्ची कालवे खाऊ नयेत.
• शिंपले खाल्ल्यानंतर जुलाब-उलट्या किंवा काही आठवड्यांनी कावीळ झाल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. त्यामुळे दूषित मालाचा शोध लवकर लागतो.

ई. कोलायची चाचणी नियमित करावी, टाकीतील शुद्धीकरण टाळू नये आणि धोक्याच्या वेळी विषाणूंची तपासणी करून घ्यावी. यांतील एकही उपाय दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. खाडीत सांडपाणी येत राहिले तर हे तिन्ही उपाय करूनही धोका उरतो, म्हणून शिंपल्यांच्या सुरक्षिततेची सुरुवात स्वच्छ पाण्यापासून आणि शेवट नीट शिजवण्याने व्हायला हवा.